पिवळा झेंडा खाली कधी घ्यायचा

मोटार शर्यतीत ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. वळणावर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने, म्हणजे मार्शलने, झेंडा काढायला दोन सेकंद घेतले, तर ड्रायव्हरच्या वाट्याचा ५५ मीटर रस्ता तेवढ्यात संपलेला असतो. ब्रेक दाबायला, बाजू बदलायला, निदान ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला त्याला नेमका तोच रस्ता हवा असतो. नेरुळच्या एका हॉलमध्ये आमच्या प्रशिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडला आणि विचारलं, "आता सांगा, उशिरा दाखवलेला झेंडा जास्त वाईट, की गरज संपल्यावरही दाखवत राहिलेला?" सगळे एका सुरात म्हणाले, उशिरा दाखवलेला. सर काही बोलले नाहीत. फळा पुसून पुढच्या विषयाकडे वळले. त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच महिन्यांनी, प्रत्यक्ष ट्रॅकवर उभी राहिल्यावर मिळालं.

मोटार रेसिंगशी माझा संबंध आला तो मावसभावामुळे. तुर्भ्याला त्याचं गॅरेज आहे. आठवडाभर टेम्पो आणि टॅक्स्यांची कामं करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची जुनी हॅचबॅक घेऊन ऑटोक्रॉसला उतरायचं, असा त्याचा नेम. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर कोन लावून आखलेला नागमोडी मार्ग. गाड्यांची शर्यत घड्याळाशी असते आणि पाडलेल्या प्रत्येक कोनामागे वेळेत सेकंदांची भर पडते. मी टाळ्या वाजवायला जायची. अशाच एका स्पर्धेत एक गाडी वळणावरून घसरली आणि रचलेल्या टायरांच्या भिंतीत शिरली. त्या वळणावरच्या कॉलेजच्या पोराला सकाळी टोपी, बिस्किटांचा पुडा आणि तीन झेंडे देऊन "काही झालं की हलव" एवढंच सांगितलेलं. त्याने हाताला आला तो झेंडा हलवला. तो हिरवा होता. पोराचा काय दोष? मागून सुटलेला ड्रायव्हर हिरवा पाहून तसाच वेगात आला आणि शेवटच्या क्षणी गाडी वळवून कसाबसा वाचला. माइकवरून पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं, स्पर्धा चालू राहिली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत गँगमन होते; कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात रुळांवर त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "आमच्या गँगमध्ये लुकआउटवाला वेगळा असायचा. त्याने पहारीला हात लावायचा नाही. गाडी येते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं नि शिट्टी मारायची, बस. मुकादम त्या जागी नवीन माणूस कधी ठेवत नसे. सगळ्यात भरवशाचा असेल तोच तिथे उभा राहायचा. आणि तुमच्याकडे झेंडा सगळ्यात नवख्या पोराच्या हातात?" बाबांचं हे बोलणं मी विसरू शकले नाही. काही दिवसांनी भावाच्या क्लबने मार्शलांसाठी प्रशिक्षण ठेवलंय असं कळलं, तेव्हा मी नाव दिलं.

भारतात या खेळाचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय पाहते, आणि वरची जागतिक संस्था म्हणजे एफआयए. एफआयएच्या नियमावलीतलं 'एच' हे परिशिष्ट म्हणजे मार्शलांची पोथीच. झेंडा कमीत कमी ६० बाय ८० सेंटिमीटरचा हवा. लाल आणि चौकड्यांचा मात्र ८० बाय १००. रंगांच्या छटासुद्धा क्रमांकांनी ठरवलेल्या आहेत, म्हणजे कोणी बाजारातून लिंबू रंगाचं कापड आणून तो पिवळा झेंडा म्हणू नये. मार्शल उभे राहतात ती जागा म्हणजे पोस्ट; दोन पोस्टमधलं अंतर ५०० मीटरच्या वर नको. ट्रॅकचा कुठलाही तुकडा नजरेआड राहायला नको. आणि प्रत्येक पोस्टवरून मागचं नि पुढचं पोस्ट डोळ्यांनी दिसायला हवं. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. वॉकीटॉकीची बॅटरी जाऊ शकते, गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, पण शेजारच्या पोस्टवर पिवळा हलताना दिसला की पुढचा माणूस सावध होतोच.

झेंडे तसे बरेच आहेत. लाल म्हणजे शर्यत थांबली, आणि तो क्लर्क ऑफ द कोर्सच्या, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हुकमाशिवाय सर्किटवर कोणी काढत नाही. काळा, काळा-पांढरा, नारिंगी गोल असलेला काळा, हे विशिष्ट गाडीसाठी असतात आणि सोबत तिचा नंबर दाखवतात: पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, या, नीट चालवा, तुमच्या गाडीत बिघाड आहे. पांढरा म्हणजे पुढे खूप हळू चाललेलं वाहन आहे. अमेरिकी शर्यतींचे व्हिडिओ पाहणाऱ्या पोरांना पांढरा म्हणजे शेवटची फेरी असं वाटतं, कारण तिकडच्या काही मालिकांत तसाच अर्थ आहे. सरांनी हे दोनदा बजावून सांगितलं. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, ती तुम्हाला मागे टाकणार आहे. हौशी शर्यतीत निळ्याचं काम अवघड, कारण नवा ड्रायव्हर आरशात बघायलाच विसरतो, आणि आपल्यालाही कोण कितव्या फेरीत आहे याचं भान सतत ठेवावं लागतं.

पण खरी कसोटी पिवळ्याची. एक पिवळा हलतोय म्हणजे ट्रॅकच्या कडेला किंवा थोडा ट्रॅकवर धोका आहे: वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका, दिशा बदलायची तयारी ठेवा. दोन पिवळे हलताहेत म्हणजे ट्रॅक अडलेला आहे, निदान काही भाग तरी, किंवा माणसं तिथे काम करताहेत: थांबायची तयारी ठेवा. धोक्याच्या आधीच्या पोस्टवर पिवळा, धोका ओलांडल्यावरच्या पोस्टवर हिरवा. ओव्हरटेकची बंदी त्या दोन झेंड्यांच्या मधे. म्हणून एखाद्या वळणावर पिवळा असेल, तर पुढचा माणूस हिरवा दाखवायला विसरला की ड्रायव्हरला आपली सुटका कुठे झाली हे कळत नाही, तो अंदाजाने चालवू लागतो आणि अंदाजाने चालवणं म्हणजे दोघांचे दोन अंदाज.

लाल उभ्या पट्ट्यांचा पिवळा झेंडा मला सगळ्यात शहाणा वाटतो. ट्रॅकवर तेल, पाणी, माती आली, पकड बदलली की तो दाखवायचा. हलवायचा नाही, स्थिर धरायचा. परिस्थिती पाहून किमान चार फेऱ्या, किंवा त्याआधी ट्रॅक पूर्ववत झाला तर तोपर्यंत. त्यानंतर काढून घ्यायचा. तेल अजून तिथेच असलं तरी? मी विचारलं. सर म्हणाले, "चार फेऱ्यांत प्रत्येकाने ती जागा पाहिलीय, टायरखाली अनुभवलीय. आता झेंडा त्याला नवीन काही सांगत नाही. नवीन काही न सांगणारा झेंडा हातात धरून ठेवलास तर त्याची नजर तुझ्या पोस्टवरून सरळ पुढे जायला लागेल."

कपड्यांचे नियम ऐकून मुंबईकर म्हणून मला आधी नवल वाटलं. लाल, पिवळा, हिरवा रंग अंगावर नको, कारण ताशी दीडशेने येणाऱ्याला तुमचा शर्ट आणि तुमचा झेंडा वेगळा दिसेलच असं नाही. म्हणजे पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर जो पिवळा रेनकोट दर दहा माणसांत एकाच्या अंगावर दिसतो, तो ट्रॅकवर वर्ज्य. नायलॉन नको, आग लागली तर ते अंगाला चिकटतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, बंद बूट. फोन खिशात, तोही बंद. गाड्यांकडे पाठ कधीही नाही. बसायचं नाही. टायरांच्या भिंतीला टेकायचं नाही, कारण पलीकडून गाडी आदळली तर तो धक्का तुमच्या अंगावर येतो. झेंडे गुंडाळून काखेत, पिवळा नेहमी वर. झेंडा हलवताना नुसता वर-खाली केला तर कापड काठीला गुंडाळतं. इंग्रजी आठचा आकडा हवेत काढावा लागतो. ओला झेंडा किती जड होतो हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

क्यालामीची गोष्ट सरांनी सांगितली तेव्हा हॉलमध्ये कोणी हललं नाही. ५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेतली ग्रां प्री. रेन्झो झोर्झीची गाडी ट्रॅकच्या कडेला थांबली आणि तिला छोटीशी आग लागली. दोन मार्शल पलीकडच्या बाजूने ट्रॅक ओलांडून धावले. त्यातला फ्रेडरिक यान्सन व्हॅन व्ह्यूरेन १९ वर्षांचा होता, हातात अग्निशामक नळकांडं. चढावाआडून टॉम प्राइसची गाडी पूर्ण वेगात आली. पोरगा गेला, आणि त्याच्या हातातलं ते जड नळकांडं हेल्मेटवर बसून प्राइसही गेला. ज्या आगीसाठी हे झालं तिच्यात कोणाचाही जीव गेला नाही. झोर्झी गाडीतून सुखरूप बाहेर पडला. "मदत करायची ऊर्मी तुमच्यात आहे म्हणून तुम्ही इथे आलात," सर म्हणाले, "मी तुम्हाला शिकवणार आहे ती ऊर्मी एक श्वास रोखून धरायला. आधी झेंडा. मग रेडिओ. मग परवानगी. मग पाय." त्यानंतर २००० साली मोन्झाला पाओलो जिस्लिम्बर्ती आणि २००१ साली मेलबर्नला ग्रॅहॅम बेव्हरिज, दोघेही स्वयंसेवक, निखळलेल्या चाकांनी मारले गेले. ती नावं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. आपण ज्या कामाला उभे राहतो त्यात आधी कोण उभे होते हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

रेडिओवर बोलण्याचा सराव आम्ही हॉलच्या दोन टोकांना उभं राहून केला. बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही, क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं आणि "पोस्ट चार" ऐवजी कंट्रोलला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, "स्ट चार" ऐकू येतं. आधी कोणाला हाक मारतोय ते, मग आपण कोण ते. कंट्रोलने "बोला" म्हटल्याशिवाय मजकूर नाही. मग क्रम ठरलेला: गाडीचा नंबर, जागा, ट्रॅक अडलाय का, ड्रायव्हर कसा आहे, कोणता झेंडा चालू आहे, काय हवंय. "कंट्रोल, पोस्ट चार. गाडी तीन-सात, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, ट्रॅकच्या बाहेर. ड्रायव्हर बाहेर आलाय, चालतोय. एक पिवळा चालू. मदत नको." एवढंच. 'सदतीस' म्हणायचं नाही, 'तीन-सात'. सदतीस आणि सत्तेचाळीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे इंजिनांच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, आणि आपल्याकडे तर एकाच रेडिओवर मराठी, हिंदी, इंग्रजी बोलणारी माणसं असतात. सुटे आकडे सगळ्यांना कळतात.

"बहुतेक", "वाटतंय", "जोरात आपटली हो बिचारी" असले शब्द सरांनी आमच्याकडून काढून घेतले. पाहिलं तेवढंच सांगायचं. ड्रायव्हर हलत नसेल तर "हलत नाही" म्हणायचं, "बेशुद्ध आहे" नाही. ते डॉक्टर ठरवतील. शेवटी लेखी परीक्षा झाली, तीत प्रसंग देऊन कोणता झेंडा, कोणत्या पोस्टवर, असं विचारलं होतं. फार काही कठीण नव्हती.

पहिलं प्रत्यक्ष काम खारघरला, डोंगराच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर. मुरमाची जमीन, पाऊस नुकताच संपलेला. ऑटोक्रॉसमध्ये मार्गावर एका वेळी एक, फार तर दोन गाड्या असतात, त्यामुळे पोस्टवर मुख्य झेंडा लाल: धोका दिसला की गाडी थेट थांबवायची, ड्रायव्हरला फेरी पुन्हा मिळते. सोपं वाटतं. पण ऊन चढलं की मुरूम वाळतो आणि गाडीमागे धुळीची भिंत उभी राहते. टँकर पाणी मारून जातो, अर्ध्या तासात पुन्हा तेच. धुळीत माझा झेंडा दिसणार नाही हे कळत असताना तिथे उभं राहणं हा विचित्र अनुभव आहे. त्यावर उपाय कंट्रोलने केला: प्रत्येक गाडी सोडण्याआधी सगळ्या पोस्टना विचारायचं, "दिसतंय का?" आणि एकाही पोस्टने "नाही" म्हटलं की गाडी सुटत नाही. स्पर्धेला वेळ लागला, पुढाऱ्यांचा बक्षीस समारंभ लांबला, काही स्पर्धक कुरकुरले. मला मात्र त्या दिवशी त्या क्लबचा अभिमान वाटला.

नवी मुंबईतल्या मैदानाचा खरा प्रश्न गाड्या नाहीत, माणसं आहेत. पट्टीखालून वाकून पलीकडे जाणारी पोरं, मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला वळणाच्या नेमक्या बाहेरच्या बाजूला येऊन उभे राहणारे लोक, जिथे गाडी घसरली तर हमखास जाणार. रोज त्याच मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्यांना तर ते त्यांचंच घर वाटतं आणि त्यात चूक काही नाही. "ओ दादा, दोन पावलं मागे", "काकू, छोटीला कडेवर घ्या" हे मी घसा बसेपर्यंत म्हणत होते. दुपारी एक कुत्रा मार्गावर बसला आणि उठेना. लाल दाखवून गाडी थांबवली, कुत्र्याला बिस्किट दाखवून बाहेर नेलं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली फॉर्म्युला वन पहिल्यांदा आली, तेव्हाही पहिल्याच सरावात कुत्रा ट्रॅकवर आला आणि लाल झेंडा काढावा लागला होता. आपल्याकडे मार्शलच्या शिकवणीत जनावरांचा धडा हवाच.

त्याच दिवशी एका स्पर्धकाच्या मदतनिसाला उन्हाने भोवळ आली आणि ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन वाशीच्या दिशेने गेली. कंट्रोलवरून ताबडतोब आदेश आला: स्पर्धा थांबली. दुसरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकही गाडी सुटणार नाही. भाऊ हेल्मेट काढून माझ्या पोस्टपाशी येऊन बसला. म्हणाला, "ताई, एवढ्यात माझ्या दोन फेऱ्या झाल्या असत्या." मी म्हटलं, "आणि त्यात उलटला असतास तर तुला टेम्पोत घालून नेलं असतं का?" तो हसला, पण त्याला पटलं होतं.

अशी काही कामं गाठीशी बांधल्यावर क्लबच्या शिफारशीने मला चेन्नईला जायला मिळालं. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधला, १९९० साली सुरू झाला; लांबी ३.७१७ किलोमीटर. देशातल्या हौशी ड्रायव्हरांच्या कितीतरी पिढ्या तिथे घडल्या. कल्याणहून रात्रीची गाडी पकडली, बरोबर आईने दिलेल्या दशम्या आणि बाबांची जुनी शिट्टी. पोस्टवर आम्ही तिघं: बँकेत नोकरी करणारे एक वयस्क गृहस्थ पोस्टप्रमुख, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि मी. त्यांना मी अण्णा म्हणायची, ते मला अक्का म्हणायचे. एक जण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, दुसरा त्याला पाठ लावून पुढच्या ट्रॅककडे. पिवळा माझ्या हातात, रेडिओ अण्णांकडे. धोका माझ्या पाठीमागे असतो. तो मी बघायचाच नाही, अण्णा सांगतील त्यावर झेंडा हलवायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांवर एवढा भरवसा ठेवायला मला सकाळभर लागली.

दुपारी नवोदितांची सलून गाड्यांची शर्यत होती. एक गाडी आमच्यासमोरून वळण घेऊन बाहेर पडताना गरकन फिरली. मला आवाज ऐकू आला, धुरळ्याचा वास आला, आणि अण्णा म्हणाले, "डबल." दोन्ही हातांत पिवळे. समोरून पाच-सहा गाड्यांचा पुंजका येत होता. पहिल्या गाडीचं नाक खाली झुकलं, म्हणजे ब्रेक लागला. दुसरीचं, तिसरीचं. शेवटची गाडी तशीच गेली. माझ्या पाठीमागे फक्त अण्णांचा आवाज: गाडीचा नंबर, अर्धा ट्रॅक अडलेला, इंजिन बंद, ड्रायव्हरने हात वर केलाय, ठीक आहे. विद्यार्थ्याने एक पाऊल पुढे टाकलं असावं, कारण अण्णांनी तमिळमध्ये एकच शब्द जोरात उच्चारला आणि तो जागीच थांबला. गाडी पुन्हा सुरू झाली. पुंजका निघून गेल्यावर अण्णांनी हाताने खूण केली, ती वळून ट्रॅकवर आली, वेग घेतला. आणि त्याच श्वासात: "डाउन."

माझा हात थांबत नव्हता. समोरून आणखी दोन गाड्या येताना दिसत होत्या आणि मनात येत होतं, जाऊ देत की या दोघांनाही जपून, काय बिघडतं? अण्णा पुन्हा म्हणाले, "अक्का, डाउन. नथिंग देअर." मी झेंडे खाली घेतले. तेवढ्यात त्यांना ट्रॅकवर उडालेली माती दिसली आणि त्यांनी पट्ट्यांचा झेंडा मागितला. तो स्थिर धरून ठेवला. काही फेऱ्यांनी गाड्यांच्या टायरांनी माती उडून गेली, तोही गुंडाळला.

शेवटच्या त्या गाडीबद्दल अहवाल मी लिहिला. वेळ, गाडीचा नंबर, पोस्ट, दुहेरी पिवळा चालू, ब्रेकचे दिवे लागले नाहीत, वेग कमी झाल्याचं दिसलं नाही, ओव्हरटेक केलं नाही. 'बेफिकीर' हा शब्द मनात होता, कागदावर नाही. पुढचं स्ट्यूअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, बघतील. तेव्हा मला जपानमधलं सुझुका आठवत होतं. ५ ऑक्टोबर २०१४, पाऊस, एक गाडी घसरून बाहेर गेलेली, तिला उचलायला ट्रॅक्टर आलेला, दुहेरी पिवळे हलताहेत. आणि त्याच जागी फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ज्युल्स बियांकीची गाडी घसरून त्या ट्रॅक्टरवर आदळली. पुढच्या जुलैत तो गेला. त्याने दुहेरी पिवळ्यात पुरेसा वेग कमी केला नव्हता, असं चौकशी समितीने म्हटलं. त्यानंतर २०१५ पासून फॉर्म्युला वनमध्ये 'आभासी सेफ्टी कार' नावाची पद्धत आली. गाडीतल्या पडद्यावरच प्रत्येकाला वेगाचं बंधन घातलं जातं. हौशी शर्यतीत तो पडदा नाही. तिथे ड्रायव्हर आणि अपघात यांच्यामध्ये ६० बाय ८० सेंटिमीटरचं एक कापड असतं आणि त्या कापडावर त्याचा विश्वास असावा लागतो.

संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत, चहाला कोल्हापूरकडचा एक ड्रायव्हर भेटला, मराठी ऐकून आपणहून बोलायला आला. त्याने सांगितलं की पट्ट्यांनी आवळलेलं अंग आणि हेल्मेट यांमुळे मान फारशी फिरत नाही, वळणात शिरताना नजर वळणाच्या आतल्या टोकावर असते आणि झेंडा डोळ्याच्या कडेला एक रंगाचा ठिपका म्हणून येतो. तो ठिपका पाहून पाय उचलायचा की नाही, हे त्या क्षणी विचार करून ठरत नाही. आधी काय झालं होतं त्यावर ठरतं. "एका शर्यतीत एका पोस्टवर तीन फेऱ्या पिवळा हलत होता. बघावं तर काहीच नाही. चौथ्या फेरीला मी पाय उचलला नाही. खरी गाडी तेव्हा आडवी होती." तो वाचला, समोरच्याच्या गाडीचं मागचं चाक गेलं. नेरुळच्या हॉलमधल्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. उशिरा आलेला झेंडा एका ड्रायव्हरला एकदा दगा देतो. उगाच हलत राहिलेला झेंडा त्या दिवसभरातल्या, सगळ्या पोस्टवरच्या, सगळ्या पिवळ्यांची किंमत उतरवतो. अण्णांनी "डाउन" म्हटल्यावर मी हलवत राहिले असते ते दोन सेकंद मला सावधपणाचे वाटत होते. ड्रायव्हरच्या दृष्टीने ते खोटं बोलणं ठरलं असतं.

परत आल्यावर मी भावाला एकच गोष्ट मागितली: पुढच्या ऑटोक्रॉसला सकाळच्या गटात गाडी चालव आणि दुपारच्या गटात पोस्टवर उभा राहा. अमेरिकेत एससीसीएच्या, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या, ऑटोक्रॉसमध्ये हा रिवाजच आहे. स्पर्धकाने एका गटात चालवायचं आणि दुसऱ्या गटात कोन उचलायचे, झेंडा धरायचा. भाऊ आधी म्हणाला, "अगं, मला गाडीचं काम असतं मधल्या वेळात." पण आला. हातात लाल झेंडा, शेजारी अग्निशामक, अंगात राखाडी शर्ट. दुपारी त्याच्या गॅरेजमधल्याच एका पोराची गाडी तीव्र वळणावर दोन चाकांवर उठून परत बसली आणि थांबली. रेडिओवर त्याचा आवाज आला: "कंट्रोल, पोस्ट दोन." आणि मग थांबला, "बोला" ऐकेपर्यंत थांबला. "गाडी एक-नऊ. मार्गावर थांबलेली. ड्रायव्हर आत, हात हलवतोय. लाल चालू. तेल सांडताना दिसतंय." जवळ धावत गेला नाही. परवानगी मिळाल्यावर वाऱ्याच्या बाजूने, अग्निशामक घेऊन चालत गेला आणि तेलावर भुसा टाकून घेतला. संध्याकाळी त्याने मला विचारलं ते गाडीबद्दल नव्हतं. त्याला जाणून घ्यायचं होतं की लाल नेमका कधी खाली घ्यायचा होता, भुसा टाकल्यावर की कंट्रोलने मार्ग मोकळा म्हटल्यावर. मी सांगितलं, कंट्रोलने म्हटल्यावर.

आता क्लबच्या प्रवेश अर्जात प्रत्येक स्पर्धकाने एका गटासाठी पोस्टवर उभं राहायची अट घालावी, असं आम्ही दोघांनी मिळून लेखी दिलंय. सोबत एका पानाचं टिपण जोडलंय: पोस्टवर उभं करण्याआधी प्रत्येकाला किमान अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, प्रत्येक पोस्टवर एक जुना माणूस, आणि झेंड्यांच्या रंगांचे कपडे चालणार नाहीत ही सूचना अर्जावरच छापलेली. काही स्पर्धकांचा विरोध आहे. प्रवेश फी भरून वर उन्हात उभं कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी बोलायला पुढच्या रविवारी तुर्भ्याच्या गॅरेजमध्येच बैठक ठेवलीय. बाबाही येणार आहेत.